साथीच्या काळातली नीती: कन्फ्यूशियस, पुण्याचा प्लेग आणि तलकाडची अमावास्या

प्रस्तावना

सार्वजनिक आरोग्याचे नीतिशास्त्र म्हटले की पाठ्यपुस्तकात साधारणपणे दोन बाजू मांडल्या जातात. एका बाजूला व्यक्तीचे स्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूला समाजाचे हित. विलगीकरण, सक्तीची तपासणी, लसीकरण, गर्दीवरचे निर्बंध या सगळ्यांची चर्चा या दोन टोकांमध्ये होते. पण तुम्ही आपल्या घरातला एखादा आजार आठवून पाहा. तिथे 'व्यक्ती' एकटी नसते आणि 'समाज' ही दूरची गोष्ट असते. मध्ये असते ते घर: आजी, वडील, शेजारी, कुलदैवत, गावची जत्रा. या मधल्या जागेचा विचार ज्या परंपरेने फार बारकाईने केला, ती म्हणजे चीनमधील कन्फ्यूशियसची परंपरा.

या टिपणात आपण ती परंपरा तीन प्रसंगांवर लावून पाहणार आहोत: १८९७ चा पुण्यातला प्लेग, १९११ चा मांचुरियातला प्लेग आणि डिसेंबर २०२० मधले तलकाड. शेवटी या परंपरेच्या मर्यादाही पाहू. उत्तर पाठ करण्यापेक्षा प्रश्न कसा मांडायचा हे शिकणे, हा या टिपणाचा हेतू आहे.

तलकाड: वाळूत गाडलेल्या देवळांचे गाव

तलकाड हे म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर तालुक्यात, कावेरीच्या काठावर वसलेले गाव. एके काळी ही गंग राजांची राजधानी होती. बाराव्या शतकाच्या आरंभी होयसळ विष्णुवर्धनाने चोळांचा पराभव करून ते जिंकले आणि इथे कीर्तिनारायणाचे देऊळ उभारले. आज गावाजवळची बरीच देवळे वाळूत आहेत. लोक याचे कारण अलमेलम्मेच्या शापात शोधतात. चौदाव्या शतकात माधवमंत्री बंधारा झाल्यावर नदीचे पात्र उघडे पडले आणि वाऱ्याने ती वाळू गावावर आणली, असे अभ्यासक सांगतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. चांगल्या हेतूने केलेल्या कामाचे परिणाम शेजाऱ्याच्या दारात साचू शकतात.

तलकाडचे मुख्य दैवत वैद्यनाथेश्वर. कथा अशी सांगतात की तल आणि कड नावाच्या दोन शिकाऱ्यांनी सावरीच्या झाडावर कुऱ्हाड घातली, तेव्हा झाडातून रक्त वाहू लागले. त्याच झाडाची पाने आणि फळे जखमेला लावा, असा आवाज आला. त्यांनी तसे केले आणि जखम भरली. स्वतःच्या जखमेवर स्वतःच उपाय सांगणारा देव, म्हणून तो वैद्यांचा नाथ. गावाचे नावही या दोघांवरूनच पडले, असे मानतात.

कार्तिकातली अमावास्या सोमवारी आली आणि नक्षत्राचा विशिष्ट योग जुळला, की इथे पंचलिंग दर्शन होते. वैद्यनाथेश्वर, पाताळेश्वर, मरुळेश्वर, अर्केश्वर आणि मुडुकुतोरेचा मल्लिकार्जुन या पाच लिंगांचे दर्शन भाविक एकाच दिवशी घेतात. हा योग काही वर्षांच्या अंतराने येतो. २००६, २००९ आणि २०१३ मध्ये तो आला होता. त्यानंतर आला तो १४ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे कोविडची साथ चालू असताना.

आता प्रश्न उभा राहतो. वर्षानुवर्षे वाट पाहिलेला विधी, वैद्याच्या नावाचा देव आणि गर्दीतून पसरणारा आजार. प्रशासनाने काय करावे? भाविकाने काय करावे?

कन्फ्यूशियसच्या विचारातल्या पाच कल्पना

कन्फ्यूशियसचा काळ इसवी सनपूर्व ५५१ ते ४७९. त्याचे संवाद 'लुन यू' या संग्रहात आहेत. सुमारे दोन शतकांनंतरच्या मेन्शियसने ही परंपरा पुढे नेली. आपल्या विषयासाठी पाच कल्पना पुरेशा आहेत.

पहिली 'रन', म्हणजे माणुसकी. विहिरीच्या काठावर रांगत चाललेले मूल दिसले की कोणाच्याही काळजात चर्र होते, असे मेन्शियस सांगतो. त्या मुलाच्या आईबापांशी ओळख असावी लागत नाही, की लोकांनी शाबासकी द्यावी अशी इच्छाही मनात नसते. माणुसकीचे बी इथे आहे.

दुसरी 'ली', म्हणजे विधी, रीत, मर्यादा. पूजा, अंत्यसंस्कार, मोठ्यांना नमस्कार, पाहुण्याचे स्वागत हे सगळे त्यात येते.

तिसरी 'शियाओ', म्हणजे आईवडिलांविषयीचे कर्तव्य. शरीर हे आईवडिलांकडून मिळालेले आहे, म्हणून त्याला इजा होऊ न देणे हीही या कर्तव्याची पायरी मानली गेली.

चौथी 'शिन', म्हणजे विश्वास. राज्य चालवायला अन्न, सैन्य आणि लोकांचा विश्वास लागतो. नाइलाजाने काही सोडावे लागले तर आधी काय सोडावे, असे एका शिष्याने विचारले. कन्फ्यूशियसने आधी सैन्य सोडले, मग अन्नही सोडले. विश्वास मात्र सोडला नाही, कारण त्यावाचून राज्य उभेच राहत नाही.

पाचवी 'छ्वान'. या शब्दाचा मूळ अर्थ तराजूचे वजन. प्रसंग तोलून रीत बाजूला ठेवणे, हा त्याचा नैतिक अर्थ. परक्या स्त्रीपुरुषांनी एकमेकांच्या हाताला हात लावू नये, अशी त्या काळची रीत होती. मग भावजय पाण्यात बुडत असेल तर काय करावे, असे मेन्शियसला विचारले गेले. हात न देणारा माणूस लांडगा म्हणावा, असे त्याचे उत्तर होते. स्पर्श न करणे ही रीत, आणि बुडत असताना हात देणे हे तोलून केलेले वर्तन. मात्र हे वजन बुडण्याच्या प्रसंगापुरतेच आहे. किनाऱ्यावर आल्यावर हात धरून ठेवायला त्याचा आधार नाही.

पुणे १८९७: हात होता, विश्वास नव्हता

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि काही महिन्यांत तो पुण्यात पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. त्याने सरकारला फार मोठे अधिकार दिले. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि मार्चपासून गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या सुरू केल्या. रोगी सापडला की त्याला इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरण छावणीत नेले जाई. सोजीर बुटांसह स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरतात, बायकांची तपासणी चारचौघांत करतात, सामान जाळतात, अशा तक्रारी होऊ लागल्या. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मरण पावला, रँड ३ जुलैला गेला.

या घटनेकडे आपण बहुधा स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासातून पाहतो. आज आरोग्याच्या नीतीतून पाहू. रोगी वेगळा ठेवणे हा उपाय तत्त्वतः चूक होता का? मेन्शियसच्या भाषेत सांगायचे तर माणूस बुडत होता आणि हात देणे आवश्यक होते. पण तोलण्यात चूक झाली. देवघरात बूट घालून शिरल्याने प्लेग कमी होत नव्हता. रीत मोडण्याचे माप गरजेइतके राहिले नाही आणि मदतीचा हात लोकांना हल्ल्यासारखा वाटला.

परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. आपण अभियंते आहोत, तेव्हा हे मोजमापाच्या भाषेत समजून घ्या. साथीत प्रत्येक घर हे एक मापक आहे. आजाराची खबर ही त्याची नोंद. खबर देणाऱ्यालाच शिक्षा होते असे दिसले की मापक खोटे आकडे दाखवू लागते आणि यंत्रणा आंधळी होते. 'शिन' ही केवळ सद्गुणाची गोष्ट नाही. साथनियंत्रणाची माहिती तिच्यावर अवलंबून असते.

सक्तीविरुद्धचा असंतोष पुण्यापुरता नव्हता. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत एका रुग्ण मुलीच्या तपासणीवरून विणकरांच्या वस्तीत दंगल झाली. त्याच वर्षी म्हैसूर संस्थानात, तलकाडच्या वरच्या अंगाला कावेरीवरच असलेल्या श्रीरंगपट्टणजवळ गंजाम येथेही प्लेगच्या उपायांविरुद्ध दंगा झाला. पुढच्या काळात सरकारने सक्ती सैल करत नेली आणि लोकांच्या सहकार्यावर अधिक भर दिला.

त्याच काळातली दोन वेगळी उदाहरणेही पाहा. पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग इस्पितळ सुरू झाले. आपल्या माणसांनी चालवलेले इस्पितळ असेल तर घरचे रोग्याला पाठवायला तयार होतील, हा त्यामागचा विचार. घर आणि सरकार यांच्यामध्ये विश्वासाची एक पायरी बांधण्याचा हा प्रयत्न होता. दुसरे उदाहरण वाल्डेमार हाफकिनचे. त्याने १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. राज्यकर्ता सरळ वागला तर हुकूम न देताही कामे होतात, अशी कन्फ्यूशियसची धारणा होती. हाफकिन काही कन्फ्यूशियसचा वाचक म्हणून हे करत नव्हता, पण कृतीचा अर्थ तोच आहे.

मेंढी चोरणारा बाप

आता अवघड भागाकडे येऊ. एका राज्यकर्त्याने कन्फ्यूशियसला अभिमानाने सांगितले की आमच्याकडे एक सरळ माणूस आहे, बापाने मेंढी चोरली तर त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियस म्हणाला की आमच्याकडे सरळपणा वेगळा असतो. बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला झाकतो, आणि सरळपणा त्यातच आहे.

हे वाचून तुम्ही चमकाल. मग पुण्यात रोगी लपवणारे कुटुंब बरोबर होते का? चोरलेली मेंढी परत करता येते, पण लपवलेला प्लेग शेजाऱ्याचे घर रिकामे करतो.

उत्तर शोधायला मेन्शियसची आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. आदर्श सम्राट शुन याच्या बापाने खून केला तर शुनने काय करावे? मेन्शियसच्या मते शुनने न्यायाधीशाला अडवू नये, तो त्याचे कर्तव्य करतो आहे. पण शुन स्वतः फाटक्या वहाणेसारखे सिंहासन टाकून देईल आणि बापाला पाठीवर घेऊन दूर समुद्रकिनारी जाऊन राहील. इथे दोन्ही कर्तव्ये शिल्लक राहतात. कायदा वाकत नाही आणि मुलगाही बापाला सोडत नाही. तो स्वतःच बापाबरोबर लोकांपासून दूर जातो.

साथीच्या संदर्भात ही गोष्ट वाचा. बापाला घेऊन दूर किनारी राहणे हे एका अर्थी घरच्यांनी स्वखुशीने स्वीकारलेले विलगीकरणच आहे. यातून माझ्या मते एक नियम निघतो. राज्याने माणसाला 'बाप की शेजारी' अशा निवडीत शक्यतो ढकलू नये. रोग्याची खबर देणे म्हणजे त्याला सोडून देणे नव्हे, अशी व्यवस्था राज्याने उभी करावी. नातेवाइकाला रोग्याची खबर मिळेल, निरोप पोहोचेल, मृत्यू झाला तर अंत्यदर्शनाची काही तरी सोय होईल, एवढे केले तरी लपवण्याचे मोठे कारण नाहीसे होते. ही व्यवस्था असूनही कोणी लपवले तर मात्र शुनच्या गोष्टीतला न्यायाधीश आपले काम करील.

हार्बिन १९११: सम्राटाची परवानगी

१९१०च्या अखेरीस मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग पसरला. चिंग सरकारने वू ल्येन-तेह या तरुण डॉक्टरला हार्बिनला पाठवले. तो १८७९ मध्ये पेनांगला जन्मला आणि केंब्रिजला शिकला होता. हा प्लेग श्वासातून पसरतो हे ओळखून त्याने कापडी मुखपट्टीचा आग्रह धरला. त्याचे म्हणणे न मानता मुखपट्टीविना रोग्यांना तपासणारा फ्रेंच डॉक्टर मेनी काही दिवसांतच प्लेगने गेला.

सगळ्यात कठीण प्रश्न मृतांचा होता. कडाक्याच्या थंडीने जमीन गोठलेली, खड्डे खणता येत नव्हते, आणि स्मशानाजवळ दोन हजारांहून अधिक शवपेट्या व प्रेते उघड्यावर साचली होती. वूला ती जाळायची होती. आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही, कारण आपल्या बहुतेक घरांत दहन हीच रीत आहे. पण तिथे आईबापांचा देह जाळणे हे 'शियाओ'चे उघड उल्लंघन होते, आणि कायद्यानेही दहन निषिद्ध मानले होते. समजण्यासाठी उलटा विचार करा. तुमच्या आजोबांना अग्नी देऊ नका, असा हुकूम आला तर घरात काय होईल?

वूने रातोरात प्रेते पेटवून दिली नाहीत. त्याने सम्राटाच्या दरबाराकडे परवानगी मागितली, ती येईपर्यंत थांबला, आणि ३१ जानेवारी १९११ रोजी दहन झाले. त्यानंतर हार्बिनमधले मृत्यू घटत गेले आणि १ मार्चनंतर तिथे नवा रोगी नोंदला गेला नाही. या साथीत सुमारे ६० हजार माणसे मेली. एप्रिलमध्ये मुक्देन येथे आंतरराष्ट्रीय प्लेग परिषद भरली आणि वू तिचा अध्यक्ष झाला.

पुणे आणि हार्बिन शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे रीत मोडली गेली, आणि हार्बिनमध्ये तर अधिक खोलवरची मोडली. फरक असा की तिथे रीत मोडण्याला रीतीचाच सर्वोच्च रखवालदार साक्षी होता. लोकांना दुःख झाले असेल, पण कोणा परक्याने आपले मृत विटाळले, असे चित्र उभे राहिले नाही. हार्बिनमध्येही छावणीच्या भीतीने लोक प्रेते रस्त्यावर टाकत होते, हे विसरू नका. एका परवानगीने सगळा विश्वास येत नाही. पण परवानगीची वाट पाहणे हा तोलण्याचाच भाग होता.

पुन्हा तलकाड: टोपी बदला, नमस्कार ठेवा

'लुन यू'मधले दोन छोटे प्रसंग तलकाडसाठी नेमके आहेत. पहिला: अमावास्येनंतरच्या प्रतिपदेच्या विधीत मेंढीचा बळी देण्याची प्रथा होती. विधी क्षीण झाला होता, म्हणून एका शिष्याला तो खर्च बंद करावासा वाटला. कन्फ्यूशियसने त्याला सांगितले की तुला मेंढीचे वाटते, मला विधीचे. खूण पूर्ण पुसली की अर्थही जातो, ही त्याची भीती होती.

दुसरा: विधीची टोपी पूर्वी तागाची असे. पुढे लोक काटकसरीसाठी रेशमी वापरू लागले आणि कन्फ्यूशियसने ते मान्य केले. पण पूर्वी पायऱ्यांखालून नमस्कार करत, तो लोक आता वर जाऊन करू लागले. हा त्याला उद्धटपणा वाटला, म्हणून लोकांच्या विरुद्ध जाऊन त्याने पायऱ्यांखालूनच नमस्कार चालू ठेवला. म्हणजे साधन बदलायला हरकत नाही, मात्र ज्यात आदर आहे ते बदलू नये.

२०२०च्या आषाढीत महाराष्ट्राने हेच केले. पायी वारी झाली नाही, पण संतांच्या पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला गेल्या. चालणे बदलले, पोहोचणे राहिले. डिसेंबरात तलकाडलाही पंचलिंग दर्शनाचा योग पाळला गेला, पण साथीच्या निर्बंधांखाली आणि एरवीपेक्षा फार मर्यादित उपस्थितीत. ज्या देवाच्या नावातच वैद्य आहे, त्याच्या दारात गर्दी न करणे ही त्याचीच सेवा, असे एखाद्या भाविकाला वाटले असेल तर ते या परंपरेत चपखल बसते. शिक्षेच्या धाकाने पाळलेला नियम आणि लाज व आदर यांतून पाळलेला नियम यांत कन्फ्यूशियस फरक करतो. पहिल्यात माणूस पळवाट शोधतो, दुसऱ्यात स्वतःला सावरतो.

पण 'लाज' हा शब्द जपून वापरा. त्याच आठवड्यात, ९ डिसेंबर २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सक्षम अधिकाऱ्याने कायद्याखाली खास आदेश दिल्याशिवाय कोविडच्या रुग्णांच्या दारावर फलक लावण्याची गरज नाही. स्वतःला वाटणारी लाज माणसाला सुधारते. शेजाऱ्यांकरवी काढलेली लाज रोगी लपवायला शिकवते, आणि आपण पुन्हा १८९७ मध्ये पोहोचतो.

मर्यादा

ही परंपरा जशीच्या तशी उचलण्याजोगी नाही. पहिली अडचण प्रेमाच्या पायऱ्यांची. मेन्शियसच्या मते घरच्यांवरचे प्रेम आधी, मग बाकीच्यांवर. त्याच्या आधीच्या मोत्झूने सर्वांविषयी सारखी आस्था ठेवावी असे म्हटले होते आणि मेन्शियसने त्याच्यावर कडक टीका केली. सावित्रीबाई फुले यांना या मापाने मोजता येत नाही. पुण्याच्या प्लेगमध्ये त्या डॉक्टर असलेल्या यशवंतासोबत परक्या रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. समाजाने ज्यांना शेवटच्या पायरीवर ठेवले त्यांच्यापर्यंत त्या आधी गेल्या. विहिरीकाठच्या मुलाची गोष्ट त्यांनी मेन्शियसपेक्षा पुढे नेली, असे म्हणायला हवे.

दुसरी अडचण उतरंडीची. ज्या समाजात 'रीत' म्हणजेच जातीची उतरंड असते, तिथे रीतीचा आदर अन्यायाचा आदर होऊ शकतो. डॉ. पद्मनाभन पल्पू यांना इळव जातीचे म्हणून त्रावणकोरच्या सेवेत घेतले नाही. ते म्हैसूर संस्थानात आले आणि बंगळूरच्या प्लेगमध्ये काम केले. एका संस्थानाने रीत जपली आणि डॉक्टर गमावला. म्हणून कोणती रीत टोपी आहे, कोणती नमस्कार आहे, आणि कोणती दुसऱ्याच्या मानेवरचे जू आहे, हे ठरवताना जू वाहणाऱ्याला आधी विचारले पाहिजे. याचे उत्तर 'लुन यू'मध्ये मिळणार नाही. ते आपल्याला फुले-आंबेडकरांच्या परंपरेत आणि संविधानात शोधावे लागेल.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या वसतिगृहात एका विद्यार्थ्याला संसर्गजन्य आजार झाला आहे आणि त्याने ही गोष्ट फक्त तुम्हाला सांगितली आहे. मेंढीची आणि शुनची गोष्ट लक्षात घेऊन तुम्ही काय कराल? वसतिगृहाच्या नियमांत कोणता बदल केला तर त्याला लपवावेसे वाटणार नाही?

२. तुमच्या गावच्या जत्रेतले कोणते भाग 'टोपी' आहेत आणि कोणते 'नमस्कार'? हे ठरवताना गावातल्या कोणाचे मत आजवर विचारले गेलेले नाही?

३. पुणे आणि हार्बिन यांची तुलना करताना एक मोठा फरक म्हणजे पुण्यात परकी सत्ता होती. आपली सत्ता असेल तर विश्वास आपोआप मिळतो का? २०२० मधले एक उदाहरण घेऊन दोनशे शब्दांत लिहा.